साडूची ऊब

उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. विश्व जन्माला आल्यापासून हा नियम कोणीही मोडलेला नाही. ताऱ्यांनी नाही, समुद्रांनी नाही, सम्राटांनीही नाही. शीतलकुंज सोसायटीच्या सात नंबरच्या जोडबंगल्यात मात्र रोज दिवेलागणीला मेधा वाळिंबे विणकामाची पिशवी उचलायची आणि थंड घरातून गरम घराकडे चालू लागायची. ज्याने हा नियम ज्युनियर कॉलेजात तीस वर्षं शिकवला, तो तिचा नवरा गिरीश खिडकीतून बघत राहायचा.

गरम घर लांब नव्हतं. त्याच बंगल्याचा तो दुसरा अर्धा. तिथे मेधाची धाकटी बहीण शुभा राहायची आणि शुभाचा नवरा पराग सबनीस, म्हणजे गिरीशचा साडू. हे नातं आपल्याकडे फार विचारपूर्वक घडवलेलं आहे. भावाशी भांडता येतं, मेहुण्यावर रुसता येतं, साडूशी फक्त तुलना करता येते. अधिक महिन्यात सासऱ्यांनी दोन्ही जावयांना चांदीची निरांजनं दिली होती. परागचं जड होतं, असं गिरीशचं मत होतं. दोन्ही एकाच दुकानातली, एकाच घाटाची होती, हे त्याला मान्य होतं. तरी परागचं जड होतं.

पुण्यात मे महिना फेब्रुवारीतच यायला लागला तेव्हा पेन्शनरांनी पठारं गाठली. पाचगणीच्या पुढे, खडकाळ माळावर शीतलकुंज उभी राहिली. 'पंखा विसरा' अशी तिची जाहिरात होती. लोक पंखा विसरले आणि पहिल्याच डिसेंबरात दोन-दोन स्वेटर घालून एकमेकांकडे बघत बसले. पहाटे पारा पाचावर. धुकं घरात शिरायचं आणि न सांगता आलेल्या पाहुण्यासारखं उठायचं नावच घ्यायचं नाही. पठारावर लाकूड-कोळसा जाळायला बंदी होती. कॉइलचे हीटर सगळ्यांनी एकदम लावले की ट्रान्सफॉर्मर बसायचा. थोडक्यात, थंडीसाठी घरदार सोडून आलेली माणसं आता थंडी कशी घालवायची या विवंचनेत होती.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर परागने हीट पंप बसवला.

गिरीशने मेधाबरोबर जाऊन तो पाहिला. घरामागे एक पांढरी पेटी, तिच्यात संथ फिरणारा पंखा. आत जमिनीखाली नळ्यांची वेटोळी. धूर नाही, ज्वाळा नाही, वास नाही. शुभा बिनबाह्यांच्या ब्लाउजवर मटार सोलत होती. डिसेंबरात.

"बसा गिरीशराव," पराग म्हणाला. "स्वेटर काढा आधी, नाहीतर घाम येईल."

हे वाक्य गिरीशला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

"वीज किती खातो?" त्याने स्वेटर न काढता विचारलं.

"एक युनिट घेतो, तीन-साडेतीन युनिटांची उष्णता देतो."

"परागराव, हे तुम्ही भाविकांना सांगा. एक घालून तीन निघत नसतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे."

पराग कॉमर्सचा. जन्मभर विमा विकला. पण विमा विकणाऱ्याला कुठलीही गोष्ट कुणालाही समजावून सांगता येते, आणि ही तर खरीच होती. त्याने गिरीशला उठवून स्वयंपाकघरात नेलं आणि त्याचा हात धरून फ्रिजच्या मागे लावला.

"गरम आहे ना? ही भेंडीतली उष्णता. आतून काढून मागे टाकली. हा फ्रिज उलटा धरा. भेंडीच्या जागी अख्खं पठार, आणि फ्रिजच्या मागे आपण."

"बाहेर पाच डिग्री आहे. तिथे कुठली उष्णता?"

"पाच आपल्याला गार. त्या नळीतला वायू उणे तिशीतसुद्धा उकळतो. त्याच्या लेखी पाच डिग्रीची हवा म्हणजे चूल. तो हवेतली उष्णता पितो, वाफ होतो. मग त्याला दाबायचं. सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा तापतो? तसा तो तापतो, घरात येऊन उष्णता सोडतो, पुन्हा पातळ होतो आणि निघाला बाहेर. वीज उष्णता बनवत नाही हो, फक्त वाहून आणते. हमालाला पोतं आणायला एक भाकरी लागते. पोत्यात गहू किती, त्याचा भाकरीशी काय संबंध?"

गिरीशला राग आला तो परागला हे माहीत होतं याचा नव्हे. बारावीच्या पुस्तकात हा धडा होता. तो परीक्षेला फारसा येत नाही म्हणून गिरीशने तीस वर्षं मुलांना ऑप्शनला टाकायला सांगितला होता, आणि शेवटी शेवटी स्वतःही टाकला होता.

"आणि ही भिंत बघा," पराग दोन्ही घरांमधल्या सामाईक भिंतीवर थाप मारत म्हणाला. "नवीन गिलावा आहे. आत मेणाचे बारीक कण. दुपारी हवा जरा उबदार असते, तेव्हा पंपाला काम सोपं जातं. तेव्हाच भिंत भरून ठेवायची. मेण वितळतं. रात्री ते गोठत जातं आणि घेतलेली ऊब परत देतं. हळूहळू, सकाळपर्यंत."

मेधा कौतुकाने भिंतीवरून हात फिरवत होती. "किती छान वाटतंय रे," ती म्हणाली.

"तुला थंडी सोसत नाही, मला माहीत आहे," पराग म्हणाला. "येत जा की संध्याकाळी."

'तुला.' गिरीश त्या शब्दापाशी अडकला.

बायकोच्या थोरल्या बहिणीला रीतसर ताई म्हणतात. पराग म्हणत नसे, आणि त्याला कारण होतं. पराग सबनीस मुळात मेधाला बघायला आला होता. पोहे खाल्ले, गच्चीवर दोघं बोलली, होकाराची भाषा झाली आणि पत्रिकेत एकनाड निघाली. आलेलं स्थळ चांगलं होतं म्हणून सासऱ्यांनी वर्षभराने शुभाची पत्रिका पुढे केली. तोवर मेधाचं गिरीशशी ठरलं होतं. सगळं हसतखेळत, घरच्या घरी. मात्र ज्या बाईच्या हातचे पोहे खाऊन होकार कळवला, तिला पुढे ताई म्हणणं परागच्या जिभेला जमलं नाही. गेली सत्तावीस वर्षं तो तिला मेधा म्हणत होता आणि सत्तावीस वर्षं गिरीश ते ऐकत होता.

*

सोसायटीच्या सभेत गिरीशने तक्रार मांडली. सेक्रेटरी काळभोर निवृत्त तहसीलदार होते आणि कुठल्याही वादात जमिनीची मोजणी मागवायची त्यांना सवय होती.

"सबनीसांचं यंत्र," गिरीश म्हणाला, "आमच्या सामाईक अंगणातल्या हवेतून उष्णता काढून घेतं आणि गार हवा बाहेर फेकतं. हवा सोसायटीची. उष्णता हवेत. म्हणजे उष्णता सोसायटीची. एका सभासदाने ती आपल्या घरात नेणं हा अपहार आहे."

सभा गंभीर झाली. अपहार म्हटलं की सभा गंभीर होते.

"अंगणातली हवा तुमच्या हद्दीत किती वेळ थांबते?" काळभोरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"वारा असतो ना इथे. तुमच्या हद्दीतली उष्णता यांनी घेईपर्यंत ती दहा नंबरला गेलेली असणार. मग तक्रार दहा नंबरने करायला पाहिजे."

दहा नंबरच्या बाई लगेच उठून म्हणाल्या, त्यांची काही तक्रार नाही, उलट त्यांना पंपवाल्याचा नंबर हवा आहे.

गिरीशने मग फोनवरचा फोटो दाखवला. धुक्याच्या पहाटे परागच्या पेटीतून पांढरे लोट उठत होते. "ही आग नाही तर काय?"

"बर्फ धरतो हो कधी कधी," पराग म्हणाला. "दमट हवेत नळ्यांवर दव गोठतं. मग यंत्र दोन मिनिटं उलटं फिरतं, घरातली थोडी उष्णता बाहेर पाठवतं, बर्फ वितळवतं. ती वाफ आहे." आणि तो हसून पुढे म्हणाला, "म्हणजे आमची उष्णता तेवढी सोसायटीला परत मिळते. नोंद घ्यावी."

सभा हसली. मेधाही हसली. गिरीशने सगळ्यांचं हसू ओलांडून तेवढं एकच नेमकं ऐकलं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "तू तिकडे रोज जातेस ते बरं दिसत नाही."

"बहिणीकडे जाते."

"बहीण इकडे येऊ शकते."

"इकडे ती कुडकुडते रे."

"मग उद्यापासून जाऊ नकोस."

 मेधाने विणकामाची पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "बरं."

*

ती खरोखरच जायची थांबली. पुढचे काही दिवस गिरीश सुखात होता. संध्याकाळी मेधा हॉलमध्ये समोर बसलेली असायची, शांतपणे विणत. तिने आपली खुर्ची तेवढी जरा हलवली होती. मग एके दिवशी तिने पलंग हलवायला त्याची मदत मागितली. मग देव्हारा सरकला, मग पिठाचा डबा, मग दह्याचं भांडं. विरजण आता छान लागत होतं. गिरीशने दोन वाट्या दही खाल्लं आणि तुझ्या हाताला गुण आहे, असंही म्हणाला.

हळूहळू वाळिंब्यांचा सगळा संसार एकाच भिंतीला लागला. उरलेलं घर लग्नकार्य आटोपल्यावरच्या कार्यालयासारखं रिकामं दिसू लागलं.

आणि मग एका संध्याकाळी मेधा खुर्चीत मान मागे टाकून, पाठ भिंतीला टेकवून, डोळे मिटून बसलेली त्याने पाहिली. तिच्या चेहऱ्यावर एक अतिशय हलकं हसू होतं. हे हसू गिरीशच्या ओळखीचं नव्हतं. त्याला वाटलं, गच्चीवर असंच असेल.

ती आत गेल्यावर तो उठला आणि त्याने भिंतीला तळहात लावला.

भिंत कोमट होती.

त्याने दुसरा हात लावला. मग कोणी बघत नाही असं पाहून गाल लावला. आजारी मुलाच्या कपाळासारखी नाही, निरोगी मुलाच्या पोटासारखी ऊब. परागच्या गिलाव्यातलं मेण पलीकडे गोठत होतं आणि आपली उष्णता दोन्ही अंगांनी सोडत होतं. भिंतीला कुठली बाजू सबनीसांची आणि कुठली वाळिंब्यांची, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. म्हणजे गेले दोन आठवडे त्याच्या बायकोची पाठ परागने तापवलेल्या भिंतीला टेकत होती. ती परागच्या उबेत झोपत होती. आणि दही! त्या दह्याच्या तर गिरीशने स्वतः दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

सर्वांत वाईट गोष्ट अशी की गाल काढावासा वाटत नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी त्याने वाईहून कॉर्कचे जाड तक्ते मागवले आणि सामाईक भिंत खालपासून वरपर्यंत मढवली.

"हे कशाला?" मेधाने विचारलं.

"आवाज येतो त्यांचा."

"कधी ऐकला तू आवाज?"

"आता येणार नाही."

मेधाने कॉर्कवर हात ठेवला. तिथे काहीच नव्हतं, गरमही नाही आणि गारही नाही. तिने हात काढून पदराला पुसला.

चारच दिवसांनी पराग पेढे घेऊन दारात उभा राहिला.

"गिरीशराव, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आमची निम्मी ऊब त्या भिंतीतून तुमच्याकडे येत होती म्हणे. आता सगळी आतच राहते. पंपाला दुपारी फारसं कामच उरत नाही. शुभा म्हणाली, भाऊजी स्वतः खर्च करून आपल्यासाठी एवढं करतात, निदान पेढे तरी दे."

गिरीशने पेढा घेतला. दुसरं काय करणार? खवा चांगला होता, हेही त्याला खुपलं.

"म्हणजे," मेधा आतून बाहेर येत म्हणाली, "इतके दिवस ती ऊब आपल्याला फुकट येत होती. आणि तू ती बंद केलीस."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"उपकार कुठले, भिंत होती ती!"

पराग पेढ्याचा बॉक्स तिथेच ठेवून निघून गेला. तो गेल्यावर मेधाने खुंटीवरची विणकामाची पिशवी काढली. तिच्यात गुडघ्याचं तेल, गोळ्या, एक उशीचा अभ्रा आणि शाल भरली.

"मी शुभाकडे राहते. थंडी संपेपर्यंत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईला थंडी वाजत होती."

*

मेधा गेल्यावर गिरीशला प्रथमच कळलं की आपल्याला थंडी वाजते. इतकी वर्षं दोघांच्या वतीने ती एकटीच कुडकुडत होती. तो रिकाम्या हॉलमध्ये मफलर बांधून बसायचा. कॉर्क खरोखर उत्तम होतं. पलीकडचा एक शब्दही ऐकू येत नव्हता, आणि ते न ऐकू येणारे शब्द त्याला रोज नवे सुचायचे. पराग म्हणत असेल, मेधा, चहा? ती म्हणत असेल, आलं घाल. पराग हसत असेल. शुभा नेमकी त्या वेळी बाजारात गेलेली असेल.

आठवड्याने तो अंगणातून मागच्या बाजूला गेला. मेधा कपडे वाळत घालत होती. परागची पेटी मंद घरघरत होती आणि तिच्या पंख्याची गार झुळूक गिरीशच्या पायांवर येत होती.

"कधी येतेस?"

"थंडी गेली की."

"तुला तो आवडतो का?" गिरीशने विचारलं. हा प्रश्न सत्तावीस वर्षं जुना होता आणि थंडीत बाहेर पडायला त्याला त्रास झाला.

"कोण?"

"पराग."

मेधाच्या हातात गिरीशचाच सदरा होता. जाताना धुण्यातून चुकून आलेला. तिने तो झटकला.

"गिरीश, तुला खरंच काही कळत नाही का रे? तो माणूस जेवताना बातम्या मोठ्याने वाचून दाखवतो. प्रत्येक गोष्टीला एक उदाहरण देतो. शुभा कानात कापूस घालून झोपते. एकनाड निघाली तेव्हा मी देवाला नारळ दिला होता."

"मग त्या भिंतीला टेकून हसत का होतीस?"

"पाठ दुखायची थांबली होती म्हणून!" तिचा आवाज चढला. "दोन हिवाळे सांगते आहे, मला थंडी सोसत नाही, गुडघे धरतात. प्रत्येक वेळी तू मला नियम सांगतोस. पहिला सांगतोस, दुसरा सांगतोस. मला नियम नको होता, गिरीश. तुला एकदाही वाटलं नाही की हिच्या हाताला हात लावून बघावा, गार आहे का?"

गिरीशने हात पुढे केला. तिने त्यात ओला सदरा दिला.

*

त्याने पंप बसवला. अर्थात परागच्या पंपापेक्षा दुप्पट ताकदीचा. तो सुरू झाला की पाच मिनिटांत घर तापायचं, पंप बंद व्हायचा, घर निवायचं, पंप धाडकन पुन्हा सुरू व्हायचा. मेधा दारातून पाहून गेली आणि म्हणाली, "हा पंप तुझ्यासारखाच आहे. एकदम येतो आणि एकदम जातो." गिरीशने मग ऑप्शनला टाकलेला धडा काढून स्वतःच वाचला. हीट पंपाला धावपळ मानवत नाही; लहान यंत्र, मंद आच, दिवसभर न थांबता. त्याने मोठा पंप दहा नंबरच्या मोठ्या बंगल्याला देऊन टाकला आणि त्यांनी मागवलेला छोटा स्वतःकडे घेतला. परागच्याइतकाच. त्याच कंपनीचा. हे त्याने कसं केलं, ते त्याचं त्याला माहीत.

भिंतींना मेणाचा गिलावा झाला. कॉर्क मात्र त्याने तसंच ठेवलं.

मेधा आली. तिने पिशवी खुंटीला लावली, अनवाणी पायांनी हॉलभर फिरली, मग खुर्ची भिंतीपासून ओढून थेट खोलीच्या मधोमध ठेवली आणि बसली. ओल गेली होती. कपाटातल्या साड्यांचा कुबट वास गेला होता. बाहेर दाट धुकं होतं आणि आत ती बिनबाह्यांच्या ब्लाउजवर विणत होती. गिरीश तिच्यासमोर बसला आणि त्याने तिच्या हाताला हात लावून पाहिला. गरम होता.

"आता बरं वाटतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"तिकडच्यापेक्षा?"

"गिरीश."

"नाही, सहज."

सुख म्हणतात ते हेच असावं, असं त्याला वाटलं, आणि ते फेब्रुवारीपर्यंत टिकलं. फेब्रुवारीत सोसायटीने सगळ्या पंपांचे आकडे सूचना-फलकाच्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. वाळिंब्यांचा पंप सबनीसांच्या पंपापेक्षा जवळजवळ दीडपट वीज घेत होता. यंत्र तेच, घर तेवढंच, माणसं दोन-दोन.

गिरीशची झोप उडाली. परागने काहीतरी केलं होतं. कंपनीत ओळख लावली असेल, चांगला वायू भरून घेतला असेल, रात्री गुपचूप पंप बंद करत असेल. तो आठवडाभर परागच्या पेटीभोवती फेऱ्या मारत राहिला. शेवटी त्याने कंपनीला लेखी कळवलं, की एकाच यंत्रात एका साडूला न्याय आणि दुसऱ्याला अन्याय का? कंपनीने एक तरुण इंजिनियर बाई पाठवल्या. त्यांनी दोन्ही घरं आतून-बाहेरून पाहिली आणि यंत्रात काही दोष नाही म्हणून सांगितलं.

"मग त्यांना कमी का लागते?" गिरीशने विचारलं.

"त्यांच्याकडे दिवसभर ऊन येतं, सर. तुमच्याकडे येत नाही. त्यांचा अर्धा दक्षिणेकडे आहे."

घरांचा ताबा घेताना पहिली निवड थोरला जावई म्हणून गिरीशला मिळाली होती. त्याने साताऱ्याहून वास्तुतज्ज्ञ आणून, दक्षिण अशुभ म्हणून, उत्तरेकडचा अर्धा घेतला.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो.